मुळशीच्या भातखाचरांतील गंधक आणि जमिनीतील जीवाणू

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगास सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका वसला आहे. पौड हे तालुक्याचे मुख्य गाव. ताम्हिणीच्या बाजूस वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस पिरंगुटकडे येऊ लागले की पावसाचे मान झपाट्याने उतरते. डोंगरउतारावर वरकस जमीन, तिच्याखाली पायरीपायरीने उतरत आलेली भातखाचरे आणि तळाशी ओढा किंवा नदी, अशी येथील शिवाराची ठेवण आहे. आंबेमोहोर हे या मातीतील जुने व नावाजलेले वाण असून त्यास भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने दिलेले इंद्रायणी हे वाणही आता येथे चांगले रुजले आहे.

या खाचरांत पुष्कळदा एक गोष्ट पाहावयास मिळते. आवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी रोपे फिकट दिसू लागतात. शेतकरी युरियाचा हप्ता देतो. शेजारच्या खाचरात त्याचा गुण दिसतो, पण या खाचरातील पीक पिवळे ते पिवळेच राहते. फुटवे थोडे येतात आणि पीक निसवण्यास उशीर लागतो. मग युरियाचा आणखी एक हप्ता दिला जातो. पैसा खर्च होतो, परंतु उणीव भरून निघत नाही. कारण उणीव नत्राची नसून गंधकाची असते. ही उणीव का निर्माण होते, जमिनीतील जीवाणू ती कशी भरून काढतात आणि त्यांच्या कामास शेतकऱ्याने हात कसा लावावा, याचा विचार या पाठात केला आहे.

पिवळेपणाची पारख

नत्र कमी पडले तर रोप जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांस पुरवते. म्हणून नत्राच्या उणिवेत खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. गंधक मात्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजासहजी जात नाही. त्यामुळे गंधकाच्या उणिवेत शेंड्याकडील कोवळी पाने आधी फिकट होतात आणि खालची पाने त्या मानाने हिरवी राहतात. भाताचे पीक लहान असताना सगळेच रोप फिकट दिसते व येथेच फसगत होते. म्हणून खाचराच्या बांधावरून पाहून निदान करू नये. आत उतरून आठ-दहा चूड उपटावेत आणि वरचे पान व खालचे पान शेजारी शेजारी धरून पाहावे. जुन्या पानांवर तांबूस ठिपके दिसत असतील तर जस्ताच्या उणिवेचाही संशय घ्यावा.

पिकास गंधक कशासाठी लागते

प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी सिस्टीन आणि मेथिओनिन या दोन अमिनो आम्लांत गंधक असते. रोपाने नत्र कितीही घेतले तरी गंधकावाचून त्याचे प्रथिन पुरे होत नाही. युरिया देऊनही पीक उभारी धरत नाही याचे कारण हेच आहे. एक टन भात पिकविण्यास दाणा व पेंढा मिळून सुमारे १.८ किलो गंधक लागते. हेक्टरी ४ टन भात घ्यावयाचे तर ७ किलोंच्या आसपास गंधक पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचले पाहिजे. हा आकडा लहान दिसतो. परंतु ते गंधक योग्य रूपात आणि योग्य वेळी मिळावे लागते. रोपाची मुळे गंधक मुख्यतः सल्फेटच्या रूपात, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षाराच्या रूपात, शोषून घेतात.

जमिनीतील साठा आणि त्यावरील कुलूप

जमिनीच्या वरच्या थरात गंधक बरेच असते. पण त्याचा फार मोठा भाग, पुष्कळ जमिनींत शेकडा ९० हून अधिक, सेंद्रिय पदार्थांत गुंतलेला असतो. पालापाचोळा, मुळांचे अवशेष, शेण आणि मेलेले सूक्ष्म जीव यांपासून बनलेल्या काळसर पदार्थात तो दडलेला असतो. सल्फेटच्या रूपात मोकळे असलेले गंधक त्या मानाने थोडे असते. मुळशीसारख्या मुलखात हे मोकळे सल्फेट जोरदार पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते किंवा एका खाचरातून दुसऱ्या खाचरात वाहून जाते. तांबड्या, आम्लधर्मी मातीतील लोहाचे व ॲल्युमिनियमचे कण त्यापैकी काही सल्फेट खालच्या थरात धरून ठेवतात, परंतु भाताची मुळे उथळ असल्याने त्याचा पिकास पुरता लाभ होत नाही.

कणगीत भात भरलेले असले तरी ते कांडल्यावाचून चुलीवर चढत नाही. जमिनीतील सेंद्रिय गंधकाची स्थिती तशीच आहे. साठा आहे, पण तो तुसासकट आहे. हे तूस काढण्याचे काम जमिनीतील जीवाणू व बुरश्या करतात आणि त्यांचे उखळ-मुसळ म्हणजे विकरे होत.

विकर म्हणजे काय

विकर, ज्यास एन्झाइम असेही म्हणतात, हे सजीवाने आपल्या पेशीत तयार केलेले प्रथिन असते. ते एखादी रासायनिक क्रिया शीघ्र घडवून आणते आणि स्वतः खर्च होत नाही. एक रेणू तोडून झाला की दुसऱ्याकडे वळते. धान्यास मोड येताना दाण्यातील पिष्टाची साखर होते, ती विकरांमुळे. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. पिष्ट तोडणारे विकर गंधकाच्या बंधास हात लावीत नाही. म्हणून जमिनीत गंधक ज्या ज्या प्रकारे गुंतलेले असते, त्या त्या प्रकारासाठी जीवाणूंपाशी वेगळे विकर असावे लागते.

जीवाणू गंधक कसे मिळवतात

सेंद्रिय गंधकाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात सल्फेट हे प्राणवायूच्या दुव्याने सेंद्रिय रेणूस जोडलेले असते. हा दुवा तोडणाऱ्या विकरांच्या वर्गास सल्फेटेज असे नाव आहे. ही विकरे पाण्याच्या साहाय्याने दुवा तोडतात आणि सल्फेट मोकळे होते. मोठे रेणू जीवाणूच्या आवरणातून आत शिरू शकत नाहीत. त्यामुळे हे तोडण्याचे काम पुष्कळदा पेशीच्या बाहेर किंवा आवरणाच्या आतल्या कडेशी होते. बाहेर सोडलेले विकर जीवाणू मेल्यावरही मातीच्या व सेंद्रिय पदार्थांच्या कणांस चिकटून काही काळ टिकते आणि आपले काम करीत राहते.

या वर्गातील अरिलसल्फेटेज या विकराचा अभ्यास विशेष झाला आहे. १९७० साली अमेरिकेतील आयोवा येथील तबाताबाई व ब्रेमनर या शास्त्रज्ञांनी मातीतील या विकराचे बळ मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. ज्यातून सल्फेट सुटल्यावर पिवळा रंग येतो असे एक द्रव्य थोड्या मातीत मिसळावयाचे, ती माती ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत एक तास ठेवावयाची आणि मग उमटलेल्या पिवळ्या रंगाची गडदता मोजावयाची. रंग जितका गडद तितके विकर अधिक. जमिनीची जिवंतता पाहण्यासाठी ही चाचणी आजही वापरली जाते.

दुसऱ्या प्रकारात गंधक थेट कर्बाशी जोडलेले असते. अमिनो आम्ले व सल्फोनेट नावाची द्रव्ये या प्रकारात मोडतात. हा बंध अधिक चिवट असतो. सल्फोनेट मिळाले की स्यूडोमोनाससारखे जीवाणू ते पेशीच्या आत ओढून घेतात आणि तेथे मोनोऑक्सिजनेज वर्गातील विकराने कर्ब व गंधक यांची जोडी फोडतात. या विकरास हवेतील प्राणवायू लागतो. हा मुद्दा शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण हवा खेळत्या जमिनीतच हे काम नीट चालते.

गंधक हाती आल्यावर जीवाणू त्याचे काय करतात, हेही पाहण्याजोगे आहे. सल्फेट पेशीत आल्यावर त्याचे क्रमाने सल्फाइट आणि सल्फाइड होते आणि अखेर सिस्टीन हे अमिनो आम्ल तयार होते. या प्रत्येक पायरीस स्वतंत्र विकर असते आणि त्यासाठी पेशीस ऊर्जा खर्चावी लागते. भाताचे रोपही आपल्या पानांत जवळजवळ याच पायऱ्यांनी सल्फेटपासून सिस्टीन बनवते.

जीवाणू प्रथम स्वतःसाठी राबतो

जीवाणू हा पिकाचा चाकर नव्हे. सल्फेट भरपूर असेल तर तो ही विकरे बनविण्यात शक्ती घालवीत नाही. सल्फेट तुटपुंजे झाले की मगच तो सल्फेटेज व इतर विकरे तयार करू लागतो. काही जीवाणू तर गंधकाच्या टंचाईत अशी प्रथिने अधिक बनवितात की ज्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. अडचणीच्या वर्षी घरातील गृहिणीने तेल जपून वापरावे, तसाच हा प्रकार आहे.

याखेरीज दुसऱ्या वाटेनेही गंधक मोकळे होते. जीवाणूंना कर्बाची, म्हणजे ऊर्जेची, भूक असते. ती भागविण्यासाठी ते सेंद्रिय पदार्थ खातात आणि त्यातील गंधक त्यांच्या गरजेहून अधिक असले तर उरलेले गंधक बाहेर टाकले जाते. एका वाटेने गंधकाची भूक काम करते, तर दुसऱ्या वाटेने कर्बाची. पिकास मिळतो तो या दोन्ही वाटांनी उरलेला वाटा आणि जीवाणू मेल्यावर किंवा त्यांना इतर सूक्ष्म प्राण्यांनी खाल्ल्यावर सुटलेला भाग.

म्हणून जमिनीत टाकलेल्या पदार्थात कर्ब व गंधक यांचे प्रमाण काय आहे, यावर बरेच अवलंबून असते. एक भाग गंधकास २०० भागांहून कमी कर्ब असेल, तर गंधक लवकर मोकळे होऊन पिकास मिळते. ४०० भागांहून अधिक कर्ब असेल, तर जीवाणू जमिनीतील असलेले सल्फेटच ओढून घेतात आणि काही काळ पीकच उपाशी राहते. भाताच्या कोरड्या पेंढ्यात हे प्रमाण पुष्कळदा ४०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. आवणीच्या तोंडावर कोरडा पेंढा चिखलात गाडला तर रोपे पिवळी पडतात, त्याचे एक कारण हे आहे. तोच पेंढा शेणाबरोबर कुजवून दिला तर त्यातील जादा कर्ब आधीच खर्च होतो आणि खत पिकाच्या कामी येते.

पाणी भरलेल्या खाचरात काय घडते

चिखलणी करून खाचरात पाणी भरले की मातीतील हवा लवकरच संपते. तेव्हा प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जीवाणू पुढे येतात. डिसल्फोव्हिब्रिओ हा त्यांपैकी एक. हे जीवाणू प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू करतात. सडक्या अंड्यासारखा वास तो याच वायूचा. मुळशीच्या तांबड्या मातीत लोह भरपूर असल्याने हा वायू बहुधा लोहाशी जोडला जाऊन काळे लोहसल्फाइड बनते व त्यामुळे मुळांस होणारा उपद्रव टळतो. मात्र जेथे न कुजलेला पाला फार पडला आहे आणि पाणी साचून राहिले आहे, तेथे वायू वरचढ होऊन मुळे काळी पडतात.

भाताच्या रोपाने याविरुद्ध आपली सोय केलेली असते. पानांतून घेतलेली हवा देठातील पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोहोचते आणि मुळांभोवती प्राणवायूचे पातळ कवच तयार होते. त्या कवचात गंधकाचे प्राणिदीकरण करणारे जीवाणू सल्फाइडचे पुन्हा सल्फेट करतात. सल्फाइडपासून जीवाणू ऊर्जा मिळवतात, ही गोष्ट रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८८७ साली बेगिआटोआ या जीवाणूवर काम करून दाखविली. भाताच्या मुळांशीही या जातीचे जीवाणू आढळले आहेत. उपटलेल्या चुडाची मुळे तांबूस-पांढरी असतील तर हे कवच नीट आहे असे समजावे. मुळे काळी व दुर्गंधीयुक्त असतील तर बांधाची वाट मोकळी करून दोन-चार दिवस पाणी उतरू द्यावे. अशा खाचरात सल्फेटयुक्त खत त्या वेळी देऊ नये.

भात कापल्यावर खाचर वाळू लागते, हवा आत शिरते आणि सल्फाइडचे पुन्हा सल्फेट होते. म्हणून भातामागे ओलीवर घेतलेल्या वालास किंवा हरभऱ्यास त्याचा फायदा मिळतो. कडधान्यांस गंधकाची गरज अधिक असते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

राबाचा हिशेब

मुळशी, मावळ आणि कोकण या भागांत राब भाजण्याची चाल फार जुनी आहे. वरकस जमिनीतील झाडांचे कवळ, पातेरा, गवत व शेण यांचे थर दाढीच्या जागेवर रचून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळतात. या चालीस आधार नाही असे म्हणता येणार नाही. तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतो आणि तापलेल्या मातीतून काही अन्नद्रव्ये एकदम मोकळी होतात. त्यामुळे तरवा जोमाने वाढतो. पुणे शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह या पद्धतीचा अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा विषय शास्त्रज्ञांच्या नजरेपुढे आहे.

परंतु गंधकाच्या बाजूने पाहिले तर राबाचा हिशेब तोट्याचा ठरतो. सेंद्रिय पदार्थ जळताना त्यातील गंधकाचा काही भाग वायुरूपाने धुराबरोबर निघून जातो. भाताचा पेंढा जाळल्यास नत्र जवळजवळ सर्व, स्फुरद सुमारे शेकडा २५, पालाश सुमारे शेकडा २० आणि गंधक शेकडा ५ ते ६० इतके वाया जाते, असे भातशेतीच्या अभ्यासातून दिसून आले आहे. जे गंधक राखेत उरते ते बव्हंशी सल्फेटच्या रूपात असते आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाऊ शकते. शिवाय वरच्या थरातील जीवाणू व विकरे उष्णतेने नष्ट होतात. जीवाणू पुढे परत येतात, पण ज्या पाल्याने खाचराचा साठा वाढावयाचा, तो पाला मात्र गेलेला असतो. दर वर्षी कणगी पेटवून चूल तापविण्यासारखे हे आहे.

राब सोडावयाचा तर तरव्याची सोय दुसऱ्या रीतीने करावी लागेल, हे उघड आहे. गादीवाफे करून त्यांत चांगले कुजलेले खत आणि भाताच्या तुसाची काळी राख मिसळल्यास रोपे सशक्त होतात. तणांसाठी मात्र वेळेवर खुरपणी करावी लागते. मजुरी व वेळ यांचा विचार करून ज्या कुटुंबास एकदम बदल परवडत नसेल, त्याने पहिल्या वर्षी अर्धी दाढ भाजावी व अर्धी गादीवाफ्यावर करावी आणि दोहोंतील तरवा ताडून पाहावा. उपदेशापेक्षा आपल्या डोळ्यांनी पाहिलेला फरक शेतकऱ्यास अधिक पटतो.

खतांच्या निवडीत झालेला बदल

१९५१ साली सिंद्री येथील कारखान्यात अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. त्या काळी नत्र द्यावयाचे म्हणजे बहुधा अमोनियम सल्फेट आणि स्फुरद द्यावयाचे म्हणजे सुपरफॉस्फेट, असा परिपाठ होता. अमोनियम सल्फेटमध्ये शेकडा सुमारे २४ आणि सिंगल सुपरफॉस्फेटमध्ये शेकडा सुमारे ११ गंधक असते. शेतकरी नत्र व स्फुरद विकत घेत असे आणि गंधक त्याच्या नकळत पदरात पडत असे. पुढे युरिया व डीएपी ही खते प्रचलित झाली. ती वाहण्यास हलकी व अन्नद्रव्यांनी भरलेली आहेत, परंतु त्यांत गंधक नाही. न मागता मिळणारी गोष्ट बंद झाली आणि तिची उणीव पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आली नाही.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत पेंढा व तुसाची राख यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित आवणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या अशी चार सूत्रे आहेत. गोळ्यांमुळे नत्र वाया जात नाही, हा मोठाच लाभ आहे. पण गोळीत गंधक नसते. म्हणून केवळ गोळ्या घेऊन पहिली दोन सूत्रे सोडून देणाऱ्या शेतकऱ्याचे खाचर गंधकास मुकते. सूत्रे चारही मिळून पाळावयाची आहेत.

एका हेक्टराचा जमाखर्च

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या थराचे वजन सुमारे २२ लाख ४० हजार किलो धरतात. त्यात सेंद्रिय कर्ब शेकडा १ असेल तर तो २२,४०० किलो झाला. सेंद्रिय पदार्थांत दर १०० भाग कर्बामागे साधारणतः १ भाग गंधक धरले तर साठा सुमारे २२४ किलोंचा होतो. जीवाणू व विकरे वर्षभरात त्यापैकी साधारणपणे शेकडा १ ते ३ भाग मोकळा करतात. म्हणजे २ ते ७ किलो गंधक पिकाच्या आवाक्यात येते. ४ टन भातास लागते ७ किलो. त्यातून पावसाने वाहून जाणारा वाटा वजा करावयाचा. यावरून हे स्पष्ट होते की, कर्ब चांगला असलेल्या जमिनीतही मिळवणी जेमतेम होते आणि कर्ब शेकडा अर्ध्यावर आला की तूट येते.

आता जमेची बाजू पाहू गेल्यास, हेक्टरी ५० किलो स्फुरद डीएपीतून दिले तर सुमारे १०९ किलो डीएपी लागते आणि गंधक मिळते शून्य. तेच स्फुरद सिंगल सुपरफॉस्फेटमधून दिले तर सुमारे ३१२ किलो खत लागते आणि त्याबरोबर सुमारे ३४ किलो गंधक जमिनीत पडते. एकरास हे खत अडीच गोणी होते. वाहतुकीचा भार वाढतो हे खरे, परंतु एका खतात दोन कामे होतात. गिरिपुष्पाचा हेक्टरी ३ टन हिरवा पाला वाळवला तर सहा-सातशे किलो भरतो आणि त्यातून गंधक एक-दीड किलोच मिळते. पण त्या पाल्याने जीवाणूंचे पोट भरते, कर्ब टिकतो आणि जुन्या साठ्याची दारे उघडी राहतात. खत हे रोजची शिधासामग्री असून सेंद्रिय पदार्थ ही कणगी आहे. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

खाचरातील परीक्षा

माती परीक्षणात उपलब्ध गंधक दर दशलक्ष भागांत १० भागांहून कमी आढळल्यास जमीन उणी समजतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत गंधकाचा रकाना आहे. तो शेतकऱ्यास वाचून दाखवावा. मात्र हा आकडा मोकळ्या सल्फेटचा आहे, साठ्याचा नव्हे. म्हणून शेजारचा सेंद्रिय कर्बाचा रकानाही त्याबरोबरच पाहावा.

पत्रिका हाती नसल्यास पुढील परीक्षा करावी. एकाच खाचरात एक-एक गुंठ्याचे दोन पट्टे घ्यावेत व मध्ये मातीचा लहान बांध घालावा, म्हणजे पाणी मिसळणार नाही. एका पट्ट्यास १ किलो २०० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि दुसऱ्यास सुमारे ५४० ग्रॅम युरिया द्यावा. दोन्हींत नत्र सारखेच, म्हणजे पाव किलो, पडते. गंधक मात्र पहिल्यासच मिळते. आठ-दहा दिवसांनी कोवळी पाने पाहावीत. पहिला पट्टा हिरवा झाला व दुसरा फिकट राहिला तर उणीव गंधकाची आहे. दोन्ही सारखेच हिरवे झाले तर उणीव नत्राची होती. दोन्ही पिवळेच राहिले तर कारण निराळे आहे आणि मुळे, पाणी व कीड यांची तपासणी करावी.

काय करावे

१. गोठ्यातील मूत्र शोषलेला पातेरा फेकून देऊ नये. मूत्रात गंधक असते. तो पातेरा खतखड्ड्यात घालावा.

२. खतखड्डा उंचावर घ्यावा आणि पावसाळ्यात त्यावर पेंढ्याचे छप्पर घालावे. उघड्या खड्ड्यातील सल्फेट पहिल्या महिन्यातच पाण्याबरोबर निघून जाऊ शकते.

३. पेंढा जाळू नये. तो शेणाबरोबर कुजवावा किंवा पहिल्या नांगरटीच्या वेळी जमिनीत मिसळून आवणीपूर्वी त्यास कुजण्यास अवधी द्यावा.

४. बांधांवर गिरिपुष्प लावावे. कवळासाठी होणारी वरकस जमिनीवरील झाडांची तोड त्यामुळे कमी होते.

५. परीक्षणात उणीव आढळल्यास हेक्टरी २० ते ३० किलो गंधक द्यावे. स्फुरद द्यावयाचेच आहे तर ते सिंगल सुपरफॉस्फेटमधून चिखलणीच्या वेळी द्यावे. जिप्समही चालते. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे दिल्यास आधीच आम्लधर्मी असलेल्या जमिनीचे आम्ल वाढते, म्हणून ते बेताने वापरावे.

६. गंधकाची भुकटी किंवा दाणेदार गंधक वापरल्यास ते पिकाच्या आधी पुरेसे दिवस द्यावे. मूळ गंधकाचे सल्फेट जीवाणूच करतात आणि त्यास हवा, ओल व वेळ लागतो. पाणी भरलेल्या खाचरात ते लगेच उपयोगी पडत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवणीनंतर आपल्या गावातील निदान दोन खाचरांत वर सांगितलेली दोन पट्ट्यांची परीक्षा शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्यावी आणि दहाव्या दिवशी शेजाऱ्यांस ती पाहण्यास बोलवावे. एका बाजूस हिरवे व दुसऱ्या बाजूस पिवळे असे एकच खाचर पाहिले म्हणजे गंधकाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. त्यानंतर उन्हाळ्यात राबासाठी कवळ तोडण्याची वेळ येईल, तेव्हा त्याच शेतकऱ्यांपाशी पुन्हा जावे आणि पाला पेटविण्याआधी त्यातील किती गंधक धुरात जाणार, हा हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडावा.